दोन सायकली, एक खोली, एक जोडीदार: जपानमध्ये मॉर्मन मिशनरीने रोजचं कसं निभवावं

पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, डोक्यावर हेल्मेट आणि सायकल. जपानमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात स्टेशनबाहेर अशी जोडी उभी दिसली, तर ते चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे मिशनरी असण्याची शक्यता मोठी. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. चर्चने २०१८ पासून हे टोपणनाव टाळायचा आग्रह धरला आहे, पण वाचकांना तेच ओळखीचं असल्यामुळे इथेही तेच ठेवलं आहे. मुलांची सेवा २४ महिन्यांची, मुलींची १८ महिन्यांची. पगार नाही. उलट अमेरिका, कॅनडा अशा देशांतल्या मिशनरींच्या घरून महिन्याला ठरावीक रक्कम चर्चच्या फंडात जाते. ती २०२० च्या जुलैपासून ४०० डॉलरवरून ५०० डॉलर झाली. देश निवडता येत नाही. अर्ज, डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी, स्थानिक बिशपची मुलाखत एवढं झालं की सॉल्ट लेक सिटीहून नेमणुकीचं पत्र येतं, त्यात जे नाव असेल तिथे जायचं.

जपानला हे मिशनरी नवे नाहीत. पहिली तुकडी १९०१ साली योकोहामाला उतरली, १९२४ साली काम बंद पडलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून प्रत्येक नव्या पिढीची अडखळण्याची ठिकाणं तीच आहेत. धर्मशास्त्र कच्चं म्हणून कोणाचे दिवस सहसा वाया जात नाहीत. ते जातात हवा गेलेल्या चाकापायी, बुरशी आलेल्या गादीपायी, चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलेल्या कचऱ्यापायी आणि जोडीदाराशी न बोललेल्या एखाद्या क्षुल्लक गोष्टीपायी. म्हणून या लेखात उपदेश कमी आणि घरकाम जास्त आहे. निघणाऱ्यांइतकाच तो त्यांना निरोप देणाऱ्या घरच्यांसाठीही आहे.

निघण्याआधी: कागद आणि औषधं

व्हिसा ‘धार्मिक कार्य’ या वर्गातला असतो. त्याआधी जपानमधून पात्रता प्रमाणपत्र निघतं. ते चर्चच काढून देतं, पण त्याची मुदत तीन महिन्यांची असते. तेवढ्यात व्हिसा घेऊन जपानमध्ये पाऊल टाकावं लागतं. पासपोर्टची मुदत सेवा संपल्यावरही किमान सहा महिने शिल्लक राहील असं पाहा. परदेशात नूतनीकरण करायचं म्हणजे जोडीदारासह दूतावासापर्यंत दिवसभराची फेरी.

मोठ्या विमानतळांवर उतरताच ‘झाइर्यू कार्ड’ हे रहिवासी कार्ड हातात मिळतं. ते सतत अंगावर हवं, नसेल तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. शर्टाच्या खिशात ठेवू नका, शर्ट मशीनमध्ये जातो. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत त्या शहराच्या नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा.

औषधांचं प्रकरण लोक हलक्यात घेतात आणि इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. अमेरिकेत एकाग्रतेच्या त्रासासाठी सर्रास लिहून दिली जाणारी अ‍ॅम्फेटामाइनची औषधं जपानमध्ये पूर्ण बंद आहेत. डॉक्टरची चिठ्ठी असली तरीही, घरून पार्सलने मागवली तरीही. अशा पार्सलमुळे अटक होऊ शकते. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्याही चालत नाहीत. बाकीची डॉक्टरने लिहून दिलेली औषधं एक महिन्याची आणि दुकानात सहज मिळणारी दोन महिन्यांची एवढी परवानगीशिवाय नेता येतात. त्याहून जास्त लागणार असतील तर ‘युन्यु काकुनिन-शो’ हे आयात-मंजुरीपत्र निघण्याआधी काढा. रोजचं औषध असेल तर नेमणूकपत्र आलं त्याच आठवड्यात डॉक्टरांशी पर्यायाबद्दल बोला. नव्या औषधाला अंग सरावायला वेळ लागतो. तो वेळ घरी जावा, जपानमधल्या पहिल्या महिन्यात नको.

बॅगेत काय, काय नको

दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, हा बहुतेक विमानांचा हिशेब. ती मर्यादा पुरेपूर वापरू नका. हीच बॅग पुढे जिन्यांवरून आणि ट्रेनमधून तुम्हालाच ओढायची आहे.

आठ-दहा इस्त्री न लागणारे पांढरे शर्ट आणि दोन सूट घ्या, पण प्रत्येक सुटाच्या दोन पँट शिवून घ्या. सायकलच्या सीटवर पँट आधी चकाकते आणि मग विरते, कोटाला काही होत नाही. मुलींना २०१८ च्या डिसेंबरपासून पँट घालायची मुभा आहे. सायकल चालवायची असेल तर ती घ्याच. स्कर्ट न्यायचा तर गुडघ्याखाली जाणारा, घेर असलेला, पण चेनमध्ये अडकणार नाही इतकाच लांब.

बूट हा खरा विषय. जपानमध्ये घर, चर्चच्या काही खोल्या, काही दवाखाने, सगळीकडे ‘गेन्कान’ म्हणजे उंबऱ्याच्या आतल्या चौकात बूट काढावे लागतात. दिवसातून दहा वेळा नाड्या सोडणं-बांधणं जमत नाही. पटकन सरकवता येणारे, जाड तळव्याचे, पाणी सहन करणारे दोन जोड घ्या. पाय २८ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर ते घरूनच न्या, तिथल्या साध्या दुकानात ते माप क्वचित सापडतं. मोजे एकाच रंगाचे, दहा जोड. भोक पडलेला मोजा यजमानाच्या तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, सगळ्यांत आधी दिसतो.

टॉवेल, छत्री, वह्या, हँगर काही नेऊ नका, शंभर येनच्या दुकानात सगळं मिळतं. विजेचा दाब तिथे १०० व्होल्टचा असतो आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. भारतातून जाणाऱ्याचं फक्त २३० व्होल्टवर चालणारं यंत्र तिथे शोभेचं ठरतं. चार्जरवर ‘१००-२४०’ असं छापलेलं असेल तर फक्त पिनेचा अ‍ॅडॅप्टर पुरतो.

भाषा: प्रार्थना येते, पंक्चर सांगता येत नाही

पहिला आठवडा घरूनच ऑनलाइन आणि पुढचे प्रशिक्षण केंद्रात, असं मिळून जपानी शिकणाऱ्यांना सुमारे नऊ आठवडे मिळतात. अमेरिकेतलं मोठं केंद्र युटामधल्या प्रोवोला आहे. तिथून बाहेर पडताना मुलांना जपानीत प्रार्थना करता येते, विश्वासावर पाच मिनिटं बोलता येतं. पण नळ गळतोय हे घरमालकाला सांगता येत नाही.

म्हणून केंद्रात असतानाच एक वेगळी वही करा आणि तिच्यात चर्चचा एकही शब्द येऊ देऊ नका. गोमी म्हणजे कचरा, पान्कु म्हणजे पंक्चर, निमोत्सु म्हणजे सामान, कान्रिनिन म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, ‘गासु गा त्सुकिमासेन’ म्हणजे गॅस पेटत नाहीये. असे शंभर शब्द पहिल्या महिन्यात धर्मग्रंथातल्या शब्दांहून जास्त कामाला येतात.

मराठी येणाऱ्याला इथे एक फायदा आहे, तो इंग्रजीतून शिकणाऱ्याला नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतो. ‘गाक्कोओ नी इकिमासु’ हे ‘शाळेला जातो’ असंच, त्याच क्रमात. ‘काना’ या जपानी लिपीची अक्षरमालासुद्धा अ, क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळींनी जाते. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेची ती खूण आहे. हिरागाना आणि काताकाना हे तिचे दोन प्रकार, प्रत्येकी ४६ मुळाक्षरं, विमानात बसण्याआधी पाठ हवीत. कांजी, म्हणजे चिनी लिपीतली अक्षरं, तिथे गेल्यावर, पाट्या वाचत वाचत.

बोलताना ‘देसु-मासु’चं आदराचं रूप कधीही सोडू नका. सभासदांच्या घरची लहान मुलं जे जवळिकीचं रूप वापरतात ते कानावर पडतं, तोंडात बसतं आणि मग सत्तर वर्षांच्या आजींशी तसंच बोललं जातं. आजी हसतात, पण पुन्हा दार उघडत नाहीत. नावाच्या पट्टीवरचं ‘चोरो’ म्हणजे शब्दशः ज्येष्ठ, वडीलधारा. एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीवर ते वाचून लोकांना गंमत वाटते. वाटू द्या, बोलणं सुरू करायला ती बरी सोय आहे. मुलींच्या पट्टीवर ‘शिमाई’, म्हणजे बहीण.

दिवसाची चौकट

साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, आठच्या सुमारास एकट्याचा अभ्यास, मग दोघांचा मिळून आणि भाषेचा. दहा-साडेदहाला बाहेर. दुपारी आणि संध्याकाळी जेवणाला तासभर. रात्री नऊच्या आसपास घरी, साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून ही चौकट थोडी सैल झाली आहे आणि मिशनचा, म्हणजे चर्चच्या त्या भागातल्या प्रचार-विभागाचा, अध्यक्ष स्थानिक जीवनमानाप्रमाणे वेळा सरकवू शकतो. नवख्याला पहिले बारा आठवडे प्रशिक्षक जोडीदार मिळतो आणि त्या काळात अभ्यासही जास्त असतो.

यात मोडते ती झोप. नऊला घरी येऊन जेवण, भांडी, अहवाल, उद्याचं ठरवणं, आणि बघता बघता अकरा. उपाय एकच: रात्रीचं जेवण संध्याकाळच्या तासातच उरकायचं आणि घरी आल्यावर चूल पेटवायची नाही. दुसऱ्या दिवसाचं नियोजन सकाळच्या अभ्यासात ढकलता येतं, झोप पुढे ढकलता येत नाही.

जोडीदार

जपानी मिशनरी बोलीत याला ‘दोर्यो’ म्हणतात, म्हणजे सहकारी. चोवीस तास एकत्र, एकमेकांना दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरात, न्हाणीघर वगळून. तुम्ही त्याला निवडलेलं नसतं, त्याने तुम्हाला नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. प्रत्येक वेळी जोडी फुटतेच असं नाही, त्यामुळे कधी सहा आठवडे, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट.

पहिल्याच संध्याकाळी, सामान लावण्याआधी, चार गोष्टी विचारून घ्या. झोप किती सावध आहे आणि गजर कोणाचा लावायचा? आंघोळ सकाळी की रात्री? खाण्यात काय चालत नाही? राग आला की गप्प बसतोस की बोलतोस? चौथा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, आणि तोच टाळला जातो. गप्प बसणारा आणि लगेच बोलणारा अशी जोडी पडली तर दुसरा पहिल्याच्या मागे लागतो, पहिला आणखी मिटतो आणि तिसऱ्या आठवड्यात दोघं फक्त कामापुरतं बोलतात.

साप्ताहिक नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलायची प्रथा आहेच. ती कशी करायची हे मात्र कोणी नीट सांगत नाही. अर्धा तास ठेवा. पोट भरलेलं असताना, दिवसाउजेडी, रात्री दहाला कधीच नाही. आधी प्रत्येकाने आठवड्यात दुसऱ्याने केलेली एक नेमकी चांगली गोष्ट सांगायची. ‘तू छान आहेस’ हे चालणार नाही, ‘मंगळवारी मी अडखळलो तेव्हा तू वाक्य पूर्ण केलंस’ हे चालेल. मग प्रत्येकाने एकच अडचण मांडायची, आणि तीसुद्धा बदलता येईल अशी. ‘तू आळशी आहेस’ यावर काही करता येत नाही. ‘दहाला निघायचं ठरलं की साडेदहा होतात’ यावर येतं. ऐकणाऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही, पुढच्या आठवड्यात काय करून पाहायचं तेवढं लिहायचं. दोघांचं आणखी एक भांडण ठरलेलं असतं: एकाला नियम अक्षरशः पाळायचे असतात, दुसऱ्याला अंदाजाने. यात कोणी जिंकत नाही. नियमपुस्तिकेतला उतारा दोघांनी मिळून वाचा, तरी जमलं नाही तर डिस्ट्रिक्ट लीडरला, म्हणजे जवळपासच्या काही जोड्यांवर नेमलेल्या मिशनरीला, विचारा.

एकांत मिळत नाही याचा ताण खरा असतो. अभ्यासाची टेबलं एकाच खोलीत ठेवा, पण पाठीला पाठ. व्यायामाच्या अर्ध्या तासात बोलायचं नाही, असं ठरवलं तरी बरंच हायसं वाटतं. लीडरबरोबर चोवीस तासांची अदलाबदल होते, तीही मोकळा श्वास घ्यायची संधी समजा.

काही गोष्टी मात्र साप्ताहिक बैठकीसाठी थांबवायच्या नाहीत. हात उचलणं, सतत रडणं, जेवण सुटणं, रात्री झोपच न लागणं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं. हे दिसलं की त्याच दिवशी मिशनच्या अध्यक्षाला किंवा त्यांच्या पत्नीला थेट फोन करा. मधल्या वीस वर्षांच्या लीडरवर हे ओझं टाकू नका. आणि घरच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मुदतीआधी परत आलेलं मूल हरून आलेलं नसतं. त्याला स्टेशनवर आणायला जावं, प्रश्न नंतर विचारावेत.

सायकल

शहरांच्या बाहेर सगळा कारभार दोन चाकांवर असतो. उत्तरेच्या होक्काइडो बेटावर बर्फात सायकल कपाटात जाते आणि पायपीट सुरू होते, बाकीकडे वर्षभर सायकल.

अमेरिकेतून आलेल्याने पहिल्या दिवशी ब्रेक तपासावेत. तिथे डाव्या हाताशी पुढचा ब्रेक असतो, जपानमध्ये उजव्या हाताशी, म्हणजे आपल्याकडच्यासारखा. उतारावर घाबरून उजवा ब्रेक मागचा समजून आवळला की माणूस हँडलवरून पुढे. रिकाम्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं सराव करा.

कायदा: डावीकडून चालवायचं, एकामागोमाग एक, शेजारी-शेजारी नाही. हातात छत्री धरून नाही. रात्री दिवा हवाच. हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा असं कायदा २०२३ च्या एप्रिलपासून सगळ्यांना सांगतो, मिशनमध्ये मात्र ती सक्ती समजा. सायकल चालवताना फोन हातात धरणं हा २०२४ च्या नोव्हेंबरपासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. नकाशा पाहायचा तर थांबा, पाय टेका, मग पाहा. एकामागे एक चालवताना मागचा दिसत नाही, म्हणून ठरवून टाका: पुढचा प्रत्येक सिग्नलनंतर थांबेल आणि मागचा आल्याशिवाय निघणार नाही. वेग मागच्याचा.

साध्या शहरी सायकलीला, तिला ‘मामाचारी’ म्हणतात, आपल्या जुन्या काळ्या सायकलीसारखाच वॉल्व्ह असतो, आत रबराची बारीक नळी असलेला. आपल्याकडे जिला वॉल्व्ह ट्यूब म्हणतात तिला तिथे ‘मुशी-गोमु’. रात्री भरलेली हवा सकाळी गेली की नवखे पंक्चर समजून टायर सोलत बसतात, आणि दहांतल्या बऱ्याच वेळा ही नळीच विरलेली असते. आधी हे करा: टोपी काढा, नट सोडा, आतली पिन ओढून काढा, जुनं रबर खरवडा. नवी नळी शंभर येनच्या दुकानात मिळते. ती दोन सेंटिमीटरच्या आसपास कापा, थुंकीने किंवा पाण्याने ओली करा, पिनेच्या बाजूचं भोक झाकून वरच्या कडेपर्यंत चढवा, पिन खाचेत बसवा, नट हातानेच आवळा. तेल लावू नका, रबर फुगतं. सहा महिन्यांनी बदलत राहा. हवा दर सोमवारी भरा. या वॉल्व्हवर दाब मोजता येत नाही, म्हणून टायरच्या बाजूला अंगठा दाबून पाहायचं: जेमतेम दबला पाहिजे. मऊ टायर फुटपाथच्या कडेवर आपटला की ट्यूब रिमच्या धारेत चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोड-भोकं दिसली तर दोष खिळ्याचा नाही, हवा कमी भरल्याचा.

सायकलची चोरीविरोधी नोंदणी, ‘बोहान-तोरोकु’, हा एक खास सापळा. मिशनच्या सायकली एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि पट्टीवरचा क्रमांक चार वर्षांपूर्वी घरी परतलेल्या कुणाच्या तरी नावावर असतो. रात्री पोलीस थांबवतो, क्रमांक तपासतो, नाव जुळत नाही आणि तासभर चौकीत जातो. सायकल हातात येताच हस्तांतराचा कागद घेऊन दुकानात नवी नोंदणी करा, फार खर्च येत नाही. स्टेशनबाहेर वाटेल तिथे लावलेली सायकल पालिका उचलून नेते आणि सोडवायला हजारांत येन मोजावे लागतात. दिवसाच्या पार्किंगचे शंभर-दीडशे येन त्यापेक्षा स्वस्त.

पावसाला दोन तुकड्यांचा रेनकोट. आणि बूट ओले झाले की रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, झोपण्याआधी एकदा बदला.

खोली

शेजारी तुमच्याबद्दल मत बनवतात ते कचऱ्यावरून. नियम प्रत्येक पालिकेचे वेगळे. साधारणपणे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिक एकदा, काच आणि डबे महिन्यातून एक-दोनदा. सकाळी आठच्या आत, आदल्या रात्री नाही, काही गावांत पालिकेच्याच पिशवीत. चुकलेली पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवली जाते आणि ती कोणाची हे गल्लीला कळतं. पालिकेचं कचरा-कॅलेंडर फ्रिजवर लावा. इंग्रजीतलंही अनेक ठिकाणी मिळतं.

झोपायला फुटॉन, म्हणजे जमिनीवर अंथरायची घडीची गादी. तो जमिनीवर कायम पसरून ठेवला की अंगाचा घाम खाली साठतो आणि जून-जुलैच्या ‘त्सुयु’ पावसात दोन आठवड्यांत काळी बुरशी येते. रोज सकाळी घडी करून उभा करा, ऊन पडलं की गॅलरीच्या कठड्यावर टाका. कपाटात ओल शोषणारे डबे ठेवा, त्यात पाणी भरलं की बदला. सूट भिंतीला चिकटवून टांगू नका.

हिवाळ्यात घरं आतून गार असतात, भिंतींना फारशी ऊब धरवत नाही. रॉकेलचा हीटर असेल तर तासातून एकदा खिडकी उघडायची आणि झोपताना तो बंद, यात सवलत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बऱ्याच भाड्याच्या घरांत तो वापरायलाच मनाई असते, करार विचारून घ्या. होक्काइडोत कडाक्याच्या रात्री किंवा घर बंद ठेवताना नळातलं पाणी काढून टाकावं लागतं, त्याला ‘मिझुनुकी’ म्हणतात. ते विसरलं की पाइप फुटतो आणि खालच्या मजल्यावर पाऊस.

भूकंपानंतर गॅस बंद पडला तर घाबरू नका. जपानी ‘शिंदो’ मोजपट्टीवर (रिश्टरवर नव्हे) तीव्रता पाचच्या आसपास गेली की मीटर आपोआप गॅस तोडतो. वास येत नाही याची खात्री करा, घरातली सगळी गॅसची बटणं बंद करा, बाहेरच्या मीटरची टोपी काढून परत-सुरूचं बटण दाबा, तीन मिनिटं काही पेटवू नका. दिवा लुकलुकायचा थांबला की गॅस सुरू. वास आला तर मात्र हात न लावता बाहेर पडून गॅस कंपनीला फोन. तीन दिवसांचं पाणी, कोरडं खाणं, टॉर्च आणि बूट दाराजवळ. पोलीस ११०, आग आणि रुग्णवाहिका ११९, आपत्तीत निरोप ठेवायला १७१.

भिंती पातळ असतात. सकाळी सातला दोन आवाजांत स्तोत्र म्हणाल तर शेजाऱ्याशी पहिली ओळख तक्रारीतूनच होईल.

खाणं, पिणं आणि चहाचा प्रश्न

खर्चाचे पैसे मिशनकडून कार्डवर येतात, भाडं मिशन कार्यालय भरतं. पैसे आले की लगेच दोन भाग करा, पंधरा तारखेपर्यंतचे आणि नंतरचे. एकमेकांना उसने देऊ नका.

भात हाच आधार. कुकरबरोबरचा कप एक ‘गो’चा, १८० मिलिलिटर, सुमारे १५० ग्रॅम तांदूळ. दोन भुकेली पोरं दिवसाला तीन-चार गो संपवतात, म्हणजे पाच किलोची पिशवी आठ ते अकरा दिवस. तांदूळ इंद्रायणीहूनही चिकट, मोकळा भात करायच्या नादी लागू नका. बरोबर अंडी, तोफू, कोबी, मोड आलेले ‘मोयाशी’ आणि कोंबडीचा छातीचा तुकडा, हे सगळं स्वस्त. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी तयार पदार्थांवर अर्ध्या किमतीची पट्टी लागते. जेवणाचा तास तिच्याशी जुळवता आला तर उत्तम.

दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा चर्चच्या १८३३ च्या आरोग्य-नियमानुसार वर्ज्य. जपानमध्ये पाहुण्यापुढे पहिलं येतं ते हिरव्या चहाचाच पेला. पुढे आल्यावर तसंच ठेवणं वाईट दिसतं, म्हणून बसतानाच सांगा: ‘ओचा वा नोमानाई नोदे, ओमिझु ओ ओनेगाई शिमासु’, चहा घेत नाही, पाणी द्याल का. ‘मुगिचा’ म्हणजे भाजलेल्या जवाचं पाणी, नावात चा असला तरी चहाचं पान त्यात नसतं, ते खुशाल प्या. उन्हाळ्यात तेच घरी बाटलीत भरून ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा निर्जळी उपवास असतो. ऑगस्टच्या दमट उन्हात त्या दिवशी सायकलवरचा लांब पल्ला ठरवू नका, आणि चक्कर आली तर पाणी प्यायचं, चर्चा नंतर.

दाराशी

घरोघरी फिरण्यातून फार थोडं निष्पन्न होतं, ते आधीच मान्य करा. इमारतीचं मुख्य दार कुलूपबंद, पुढे कॅमेऱ्याचा इंटरकॉम. त्याच्यामागे इतिहासही आहे. २० मार्च १९९५ ला ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडल्यापासून अनोळखी धर्मप्रचारकाकडे लोक संशयाने पाहतात, आणि २०२२ मध्ये शिंझो आबे यांच्या हत्येनंतर युनिफिकेशन चर्च या पंथाच्या देणग्यांचा विषय पेटला तेव्हा तो संशय पुन्हा जागा झाला.

त्यामुळे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पहिल्या वाक्यात चर्चचं पूर्ण नाव, दुसऱ्यात कशासाठी आलो. ‘सर्वेक्षण करतोय’ असली सुरुवात त्या क्षणी दार उघडते आणि कायमचं बंद करते. नाही म्हटलं की वाकून नमस्कार, पुन्हा बेल नाही. प्रचारकांना बंदी अशी पाटी असेल तिथे थांबायचंच नाही.

लोक खरे भेटतात ते फुकटच्या इंग्रजी संभाषण वर्गात, ‘एइकाइवा’त. पत्रकावर चर्चचं नाव मोठ्या अक्षरात हवं, आणि नंतरचा धार्मिक भाग ऐच्छिक आहे हे स्पष्ट. वर्ग तासाभराचा धरा: पाच मिनिटं ओळख, दहा मिनिटांत एकच वाक्यरचना, चाळीस मिनिटं जोड्यांनी बोलणं, पाच मिनिटं उजळणी. बिघडतो तो एकाच कारणाने, इंग्रजी येणारे दोघं मिशनरी फळ्यापाशी गप्पा मारतात आणि आठ जपानी माणसं नम्रपणे ऐकत बसतात. तुमचा आवाज चौथ्या हिश्शाहून जास्त नको.

सोमवार

मोकळा दिवस बहुधा सोमवार, आणि जपानमधली बरीच संग्रहालयं नेमकी सोमवारीच बंद. किल्ले, बागा, डोंगर यांच्यावर भागवा. सकाळी आधी कपडे मशीनला, त्सुयुत थेट नाणी टाकून चालणाऱ्या ड्रायरपाशी. मग बाजार, हवा, चेनला तेल, फ्रिजची सफाई, आणि दुपारनंतर फिरणं. उलट क्रम लावला की मंगळवारी ओला शर्ट.

२०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, त्याआधी तो वर्षातून दोनदाच असे. टोकियोत सोमवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा युटामध्ये हिवाळ्यात रविवार संध्याकाळचे पाच, मुंबईत पहाटेचे साडेपाच. भारतातल्या घरासाठी दुपारी बारा-एकची वेळ बरी. पहिल्या दोन महिन्यांत कॉलनंतर घरची ओढ वाढते, म्हणून तो ठेवल्यावर लगेच बाहेर पडायचं काहीतरी ठरवा. आईबाबांनी परतीच्या तारखेची उलटी मोजणी करू नये. भेटलेल्या माणसांची नावं लक्षात ठेवून पुढच्या वेळी विचारावीत.

बदली

निरोप आला की हातात दोन-चार दिवसच असतात. मोठी बॅग कुरिअरने, ‘ताक्क्युबिन’ने आधी पाठवा. जवळच्या भागांत दुसऱ्या दिवशी पोचते. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटर आणि वजन २५ किलो यांच्या आत बसवा. तोकाइदो शिंकान्सेनमध्ये, म्हणजे टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनमध्ये, १६० च्या वरच्या बॅगेला आधी खास सीट राखून ठेवावी लागते, आणि ती आयत्या वेळी मिळत नाही.

जुन्या शहराच्या पालिकेत निघण्याचा अर्ज, ‘तेन्शुत्सु-तोदोके’, जाण्याआधी. नव्या शहरात १४ दिवसांच्या आत ‘तेन्न्यू-तोदोके’, झाइर्यू कार्ड घेऊन, पाठीमागे नवा पत्ता छापून मिळतो. पालिका शनिवार-रविवार बहुधा बंद. पहिला कागद राहिला तर दुसरा होत नाही, आणि मग तीनशे किलोमीटरवरून टपालाने पत्रव्यवहार.

मागे राहणाऱ्यासाठी एक पान लिहा. कोणत्या आजींना पायऱ्या चढवत नाहीत म्हणून खाली भेटायचं, कोणाच्या घरी कुत्रा चावतो, कोणी पुन्हा येऊ नका म्हटलंय, मुशी-गोमु कधी बदलली, गीझर कितीदा दाबल्यावर पेटतो. लोकांची माहिती फक्त मिशनच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये, घरची कामं कागदावर. आणि काचेच्या बाटल्या पुढच्या गुरुवारी जातात, हे ठळक अक्षरात फ्रिजवर.